विषय सुचतो, पण लेख पुरा होत नाही, काय करावं?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण मुलीचा आहे. थोडक्यात असा: "बाई, फोनमध्ये दीडशेच्या वर टिपणं साठली आहेत, पण लेख एकही पुरा झालेला नाही. आमच्याकडच्या कौलांच्या भट्ट्यांवर दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलं, पहिला परिच्छेद दहा वेळा लिहिला आणि सोडून दिला. शाळा सातवीपर्यंत मराठी, पुढं कन्नड, त्यामुळं शुद्धलेखनाची धास्ती वाटते ती वेगळीच. सुचल्यापासून लेख तयार होईपर्यंत नेमकं काय काय करायचं असतं?" सोबत तिनं तो परिच्छेद आणि पाच टिपणं पाठवली होती. मी ३४ वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली २२ वर्षं एका दिवाळी अंकाकडं येणारी हस्तलिखितं वाचली, त्या जोरावर हे उत्तर.

तुझा परिच्छेद असा सुरू होतो: "खानापूर तालुका हा निसर्गसौंदर्याने नटलेला असून मलप्रभा नदीच्या काठच्या या भागात पूर्वीपासून कौलांचा व्यवसाय चालत आला आहे." वाक्यात चूक काढायला जागा नाही. पण तालुक्याची माहिती देणाऱ्या कुठल्याही पुस्तिकेत ते जसंच्या तसं बसेल. ते लिहायला तू असायची गरजच नव्हती, आणि म्हणूनच दहा वेळा लिहूनही तुला त्याच्यापुढं जाता आलं नाही.

आता तुझंच तिसरं टिपण वाच. "आजोबा भट्टीतून निघालेलं कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. खणखणीत वाजलं तर थप्पीत. बद्द वाजलं तर बाजूला. आमच्या घरावर सगळी बाजूला काढलेली कौलं."

शेवटचं वाक्य तू सहज लिहून गेलीस. माझं लक्ष तिथून हलेना. कौलं करणाऱ्या माणसाचं घर, आणि त्याच्यावर गिऱ्हाईक घेणार नाही अशी कौलं! खानापूरचा पाऊस तुला मी सांगायला नको. आषाढात ते घर गळत असणार. रात्री उठून पातेली कोण लावायचं? आजी काही बोलायची का? आजोबांना त्याची लाज वाटायची, की त्यांच्या दृष्टीनं तो साधा हिशोब होता? तुझा लेख या टिपणात बसलेला आहे.

"कौलांचा व्यवसाय" हा विषय झाला. विषय माहितीनं भरता येतो, आणि माहिती संपली की माणूस अडतो. लेख ज्यातून उगवतो ती गोष्ट बहुतेक वेळा लहान असते, डोळ्यांसमोर दिसणारी असते, आणि तिच्यात आपल्याला स्वतःलाच न उलगडलेलं काहीतरी असतं. मी टिपणाखाली "का?" एवढंच लिहून बघते. चार प्रश्न आपोआप उठले तर ते टिपण वहीत उतरवून घेते. काहीच उठलं नाही तर तसंच राहू देते, पुसत नाही.

टिपण करतानाच थोडी काळजी घे. "आईचे कष्ट", "बदलतं गाव" असं लिहून ठेवलेलं टिपण सहा महिन्यांनी मुकं होतं. तू लिहिताना निष्कर्ष लिहिलास आणि ज्यावरून तो काढलास ते सोडून दिलंस. त्याऐवजी कोण, कुठं, काय म्हणालं आणि कुठल्या शब्दात म्हणालं, एवढं टिपून ठेव. तुझ्या दीडशेतली शंभर-सव्वाशे पहिल्या जातीची असतील. असू देत. महिन्यातून एकदा बसून सगळी वाचायची आणि ज्यांची अजून धग लागते तेवढी हातानं वहीत उतरवायची. हातानं लिहिताना दोन ओळी जास्तीच्या सुचतात, हा माझा अनुभव आहे.

पुढची पायरी कच्च्या खर्ड्याची. इथं माझं स्वतःचं सांगते, कारण ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

आमचं घर बेळगावातल्या वडगावचं. वडील यंत्रमागावर होते. गल्लीत सकाळपासून माग सुरू असायचे आणि तो खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. करंट गेला की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि त्या शांततेनं पाळण्यातली पोरं दचकून उठायची. यावर लिहायचं ठरवलं तेव्हा माझ्या पहिल्या खर्ड्याचं नाव होतं "विणकर व्यवसायाची वाताहत". ११ पानं भरली होती. सुताचे भाव, बाहेरून येणारा स्वस्त माल, कर्जं, सगळं होतं. वडील त्यात दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा त्यांच्या मागं "कष्टाळू" हे विशेषण होतं.

दुसऱ्या खर्ड्यात सुताचे भाव काढले आणि वडील घरी कसे होते ते लिहिलं. ते फार मोठ्यानं बोलायचे. जेवताना मीठ मागितलं तरी ओरडल्यासारखं. आम्ही भावंडं भेदरून बसायचो, आई न बोलता ताट पुढं सरकवायची. मी लिहिलं, "वडील तापट होते."

तिसऱ्या खर्ड्यात त्याच तीन शब्दांशी माझा हात थांबला. खरंच होते का? आईला विचारलं, लग्न झालं तेव्हाही ते असेच बोलायचे का गं? आई म्हणाली, "छे गं. तेव्हा तर दोन दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणाला म्हणून." मग उलगडलं. ४० वर्षं मागापाशी उभं राहून त्यांचे कान गेले होते. आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना कळत नव्हतं, आणि आम्ही त्यालाच राग समजत लहानाचे मोठे झालो. तो लेख शेवटी साडेतीन पानांचा झाला. व्यवसायाची वाताहत त्यात एका ओळीत आली, पण त्या ओळीला वजन होतं.

यातलं काहीही मला पहिला खर्डा लिहिण्याआधी ठाऊक नव्हतं. मनात आधी सगळं जुळवून मग कागदावर उतरवायचं, असं आम्ही शाळेत निबंधासाठी शिकवतो. मुद्दे काढा, मग विस्तार करा. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. लेखाचं तसं होत नाही. काय सांगायचं आहे ते पहिल्या खर्ड्यात शोधायचं असतं आणि पुढच्या खर्ड्यांत सांगायचं असतं. तू पहिल्याच परिच्छेदात शोधायचं, सांगायचं, शुद्ध लिहायचं आणि सुंदर लिहायचं अशी चारही कामं एकदम करायला गेलीस. म्हणून अडलीस. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नव्हे, हे मनापासून सांगते.

तेव्हा कच्चा खर्डा असा लिही. सुरुवात लिहूच नकोस. "बद्द वाजलं" तिथून धर. तासभर बस आणि मागचं वाचायला वर जाऊ नकोस. एखादा शब्द आठवला नाही तर तिथं रेघ ओढ आणि पुढं चल. कन्नड शब्द आला तर येऊ दे. भट्टीवरची माणसं कौलाला हंचु म्हणत असतील तर हंचुच लिही, कुठला ठेवायचा ते नंतर ठरवू. शुद्धलेखनाच्या भीतीनं बोटं अडत असतील तर फोनवर बोलून घे, मैत्रिणीला सांगतेस तसं, आणि मग ऐकत ऐकत उतरवून काढ. बोललेल्या गोष्टीत एक गुण असतो: समोरच्याला कुठं रस वाटेल तिथं आपण आपसूक थांबतो आणि कंटाळा येईल तिथून पळतो.

माहिती गोळा करायची ती या खर्ड्यानंतर. पुष्कळ जण उलटं करतात. आधी वह्याच्या वह्या भरतात, आणि इतकी मेहनत वाया कशी घालवायची म्हणून सगळी लेखात कोंबतात. खर्डा झाल्यावर तुला नेमकं ठाऊक असेल की काय विचारायचं आहे. माती नदीकाठची की शेतातली? एका भट्टीला किती दिवस लागायचे, लाकूड कुठून यायचं, शंभरात किती कौलं बद्द निघायची? स्लॅब आणि पत्रे आल्यावर पहिलं गिऱ्हाईक कुठलं तुटलं? मामांना विचार, भट्टीवर काम केलेलं कुणी हयात असेल तर त्यांच्याकडं जा. जाताना वही ने, फोन खिशात ठेव. आणि म्हाताऱ्या माणसाला सनावळ विचारू नकोस. "तेव्हा तुमच्या घरात लहान कोण होतं?" असं विचार, मग साल आपण काढू शकतो.

सनावळीवरून एक सांगून ठेवते, कारण आपल्या भागातल्या लेखांत या चुका मला वारंवार सापडतात. "१९६० साली कर्नाटक सरकारनं" असं कुणी लिहिलं की मी खूण करते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवसापासून तो म्हैसूर राज्यात गेला, आणि म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं २०१४ च्या १ नोव्हेंबरला. सीमाप्रश्नासाठीचा महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ चा. तो १९५६ चा म्हणून लिहिलेला मी कितीदा तरी दुरुस्त केला आहे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या साहित्य संमेलनात झाला ते बेळगावचं संमेलन १९४६ चं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. तुझ्या लेखात यातलं काही येईलच असं नाही. पण आजोबांच्या एखाद्या जुन्या पावतीवर मुंबई राज्याचा शिक्का निघाला तर दचकू नकोस, ते बरोबरच असेल. आणि शंका आली की बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात ये. १८४८ पासूनची ती संस्था आहे, तिथल्या मंडळींना विचारलं तर आपुलकीनं पुस्तक काढून देतात.

खर्डा झाला की आठ दिवस त्याच्याकडं बघू नकोस. मग एका बैठकीत वाच आणि प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला, तो काय करतो ते चार-पाच शब्दांत लिही. "आजोबा कौल वाजवतात." "पावसातली रात्र." "भट्टीची माहिती." "पुन्हा भट्टीची माहिती." "आजी." असं लिहिलं की कुठं फुगलं आहे, कुठली गोष्ट दोनदा आली आहे, आजी फार उशिरा येते आहे का, हे सगळं कडेलाच दिसतं. मोठी दुरुस्ती आधी कर. परिच्छेद हलव, काढ, नवा लिही. ज्या परिच्छेदाला कात्री लागणारच आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसू नकोस.

काढलेला मजकूर फेकायचा नाही, वेगळ्या कागदावर ठेवायचा. त्यामुळं काढताना हात कचरत नाही.

शेवटाबद्दल एक विनंती आहे. दरवर्षी येणाऱ्या कितीतरी लेखांचं शेवटचं वाक्य "काळाच्या ओघात ही कला लोप पावत चालली आहे" असंच असतं. लिहिणाऱ्याला आतून वाईट वाटत असतं, हे मला कळतं. पण ते वाईट वाटणं त्या वाक्यात येत नाही. मी ते खोडते तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या दोन-तीन ओळी वर खरा शेवट सापडतो. तुझ्या खर्ड्यातही तिथंच बघ.

आता बोलीची गोष्ट, आणि इथं मला जरा थांबायचं आहे.

आपल्याकडं बायका "मी जातो", "मी आलो" म्हणतात. माझी आई तसंच बोलायची. पिशवी घेऊन उंबऱ्यापाशी आली की म्हणायची, "मी जातो गं बाजाराला, दार लावून घे." मीही घरात तसंच बोलत होते. शाळेत गेल्यावर "जाते" शिकले. एका मासिकाकडं मी आईवरचा लेख पाठवला होता. छापून आला तेव्हा आईच्या तोंडी सगळीकडं "जाते", "येते", "आले" झालेलं. कुणी विचारलंही नव्हतं. व्याकरणाची चूक समजून त्यांनी ती नीट केली होती. अंक हातात घेऊन मी आईला वाचून दाखवायला बसले आणि पहिल्याच संवादाला मला पुढं वाचवेना. ती बाई माझी आई नव्हती.

तेव्हापासून मी हस्तलिखिताच्या वरच टीप लिहिते: "संवादातली रूपं बेळगाव भागातल्या बोलीप्रमाणे आहेत, कृपया तशीच ठेवावीत." तूही लिही. आजी "मी उठलो की" म्हणत असेल तर आजी तसंच म्हणेल. निवेदन मात्र कुठल्या भाषेत करायचं ते तू ठरव. प्रमाण मराठीत केलंस तरी चालेल, बोलीत केलंस तर आनंदच आहे. फक्त एका पानावर "गेलं होतं" आणि दुसऱ्यावर "गेले होते" असं नको. एक धर आणि शेवटपर्यंत ठेव. आणि हंचु? पहिल्यांदा येईल तिथं आजूबाजूच्या वाक्यातून अर्थ कळू दे. कंसात अर्थ देऊ नकोस. "हंचु उतरवताना हात भाजायचे" एवढं लिहिलं आणि शेजारी भट्टी असली की कोल्हापूरचा वाचकही समजतो.

शुद्धलेखन हे सगळ्यात शेवटचं काम, आणि तुला वाटतं तेवढं मोठं नाही. साहित्य महामंडळाचे नियम एकूण १८ आहेत, १४ नियम १९६२ चे आणि ४ नियम १९७२ चे. तुझी पाच टिपणं मी लाल पेन घेऊन वाचली. ज्या चुका आहेत त्यांतल्या जवळजवळ सगळ्या तीनच जातींच्या निघाल्या. पहिली: तू "करुन", "म्हणुन" लिहितेस. शेवटी "ऊन" आलं की ते दीर्घच. करून, म्हणून, येऊन. दुसरी: "आणी". शेवटचा इकार दीर्घ हा नियम खरा, पण "आणि" आणि "नि" हे दोन शब्द ऱ्हस्वच लिहायचे. तिसरी जरा समजून घे. वीट, पण विटा, विटेचा. फूल, पण फुलाला. शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा ई किंवा ऊ, शब्दाला प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो. माती, भट्टी यांच्यात ईकार शेवटच्याच अक्षराला आहे, म्हणून मातीचा, भट्टीत असं दीर्घच राहतं. एवढ्या तीन गोष्टी पाठ केल्यास तर तुझं हस्तलिखित कन्नड माध्यमातून आलेल्या मुलीचं आहे हे मला ओळखता येणार नाही. कौल नपुंसकलिंगी आहे, ते कौल, ती कौलं, आणि तिथं तू एकदाही चुकली नाहीस. कान तयार आहे तुझा.

मग मोठ्यानं वाचून बघ. एकटीनं नको, कुणाला तरी समोर बसव. येळ्ळूर, कडोली, उचगावच्या ग्रामीण साहित्य संमेलनांतला श्रोता ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ठाऊक आहे, शेतातली कामं टाकून आलेला माणूस मन लावून ऐकतो, पण पोकळ वाक्य आलं की शेजाऱ्याशी बोलू लागतो. तुझ्यासमोरचं माणूस कुठं हललं तिथं पेन्सिलीची खूण कर. "कसं वाटलं?" असं विचारू नकोस, सगळे "छान" म्हणतात. "आजोबांबद्दल तुला काय कळलं?" असं विचार. त्यांनी सांगितलेलं आणि तुझ्या मनातलं जुळत नसेल, तर अजून एक खर्डा बाकी आहे. तीन-चार खर्डे होणं ही साधी गोष्ट आहे, माझे अजूनही होतात.

पाठवायचं म्हणशील तर दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, गणपतीनंतर आलेल्या लेखाला जागा मिळणं कठीण. शब्दमर्यादा विचारून घे आणि ती पाळ. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल पाठव, पानांचे फोटो नकोत. जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाल, विशेषतः "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला र, कारण छापखान्याच्या फॉन्टमध्ये जाताना तो हमखास मोडतो. बोलीची टीप विसरू नकोस.

आणि लिहायला बसण्याआधी या रविवारी मामांना फोन कर. दोनच गोष्टी विचार. घरावरची ती कौलं आजोबांनी स्वतः चढवली होती का? आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यातलं एखादं बदलून कुणी चांगलं कौल बसवलं का, कधी, आणि तेव्हा ते काय म्हणाले?